मंगळवार-शुक्रवारचा बेंच

काही जागांवर किस्से साचतातच. सलूनमध्ये साचतात, एसटी स्टँडवर साचतात, आमच्या सबस्टेशनच्या खोलीत तर ढिगानं साचतात. पण मी आयुष्यात सगळ्यात जास्त हसलो ती जागा म्हणजे वर्ध्यातल्या एका थेरपी सेंटरच्या दाराबाहेरचा लोखंडी बेंच. आणि सगळ्यात जास्त भ्यालो, तीही हीच जागा!

मी देवळीला वीज कंपनीत लाइनमन आहे. आडनाव मून. माझी पोरगी मैत्री आता आठ वर्षांची आहे. जन्मली तेव्हा ती लगेच रडली नाही. पुढं अकरा महिने झाले तरी मान धरेना, उचललं की दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. डॉक्टरांनी सांगितलं, सेरेब्रल पाल्सी. आम्ही बेंचवरचे लोक नुसतं 'सीपी' म्हणतो. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी आणि माझी बायको वंदना तिला घेऊन वर्ध्याला जातो. दोघं नाही जमलं तर एक.

आत पोरांचे व्यायाम चालतात, बाहेर बेंचवर आईबाप. कायमचे मेंबर म्हणाल तर आम्ही दोघं, हिंगणीच्या रेखाताई, त्यांचा सोहम, आणि समुद्रपूरचे झाडे काका, ते आपल्या नातीला, परीला, घेऊन येतात. आत कीर्ती मॅडम, फिजिओथेरपिस्ट. घाबरलेली माणसं एकत्र बसली की फार बोलतात. त्यातलंच हे थोडं.

*

पहिल्या दिवशी मी कागदावर प्रश्न लिहून नेले होते. चौदा प्रश्न!

मॅडमनी मैत्रीला गादीवर ठेवलं, एकेक पाय हळूहळू सोडवला, मग तिला एका मोठ्या चेंडूवर पालथं घातलं. मैत्री किंचाळत होती. मी दारात घामाघूम. खिशातून कागद काढला, तर अक्षरं दिसेनात. तोंडातून एकच प्रश्न निघाला.

"मॅडम, फॉल्ट नेमका कुठं आहे?"

"मेंदूत. जन्माच्या वेळी थोडा भाग दुखावला. ती इजा आता वाढणार नाही, पण भरूनही येणार नाही."

"मंग इलाज?"

"गोळी देऊन बरं करायचा हा आजार नाही, मूनभाऊ. पण शरीराला शिकवता येतं. मान धरणं, बसणं, गिळणं, हातात धरणं. जितकं लवकर सुरू करू, तितकं चांगलं."

आता ट्रान्सफॉर्मर जळाला तरी आम्ही लोकांना वेळ सांगतो. दोन तास, उद्या सकाळी, काहीतरी सांगतोच. म्हटलं, "किती दिवस लागतील, तेवढं सांगा."

मॅडमनी वर पाहिलंही नाही. "तुम्ही किती दिवस येऊ शकता?"

बाहेर आलो आणि बेंचवर बसलो. शेजारी रेखाताई पाच वर्षांच्या सोहमला बिस्किट भरवत होत्या. तेव्हा ओळखही नव्हती. त्यांनी विचारलं, "काय म्हणे मॅडम?"

"काही नाई. मलेच विचारून राह्यल्या, किती दिवस येऊ शकता म्हणून."

"मले बी तेच विचारलं होतं," रेखाताई म्हणाल्या. "तीन वर्षं झाले त्याले!"

*

दुसऱ्या वर्षी मला कोणीतरी एक व्हिडिओ फॉरवर्ड केला. कुठल्याशा मोठ्या शहरातला दवाखाना. सीपीचं पोरगं आधी गादीवर पडलेलं, मग एकदम मैदानात पळताना. खाली फोन नंबर. मी चार दिवस तो व्हिडिओ खांबावर चढण्याआधी पाहायचो, खांबावरून उतरल्यावर पाहायचो.

शेवटी बेंचवर सगळ्यांसमोर फोन लावला, स्पीकरवर.

पलीकडचा माणूस फार गोड बोलला. "बच्चा एकदम चलने लगेगा सर. गॅरंटी."

झाडे काकांनी मान पुढं केली. "पोरीले न पाहता गॅरंटी कशी देता बाप्पा?"

"फोटो भेज दीजिए, डॉक्टर साब देखकर बता देंगे."

रेखाताईंनी माझ्या हातातून मोबाइल घेतला. "थांबा, 'फोटो पाठवतो' म्हणा त्याले." आणि त्यांनी आपल्या फोनमधला एक फोटो माझ्या फोनवर घेऊन तिकडं पाठवला. खुर्चीवर बसलेली एक लहान मुलगी, दोन वेण्या, गणवेश.

दहा मिनिटांत उत्तर आलं. केस जरा जुनी आहे, पण तीन इंजेक्शनांत पायात ताकद येईल, पोरगी चालायला लागेल!

रेखाताईंनी स्वतः फोन लावला. "भाऊ, ते माही लहान पोरगी पायल हाये. आज सकाळीच शाळेत धावण्यात पहिली आली. आता तिले चालाले लावता का तुमी?"

फोन कट.

बेंच हलेपर्यंत हसलो आम्ही. झाडे काकांना ठसका लागला. मीही हसलो. पण खरं सांगायचं तर तो नंबर मी आणखी आठ दिवस डिलीट केला नव्हता. एका संध्याकाळी धीर करून वंदनाला सांगितलं, "मी तो नंबर आज काढून टाकला."

ती भांडी घासत होती. म्हणाली, "मी बी आजच काढला."

*

मी तेहतीस हजार व्होल्टच्या लाइनखाली जेवलेला माणूस आहे. पण मैत्रीच्या तोंडात खिचडीचा चमचा जाताना मी उठून बाहेर जायचो. तिला गिळायला जमत नव्हतं. दर दोन घासांनी ठसका, डोळे पांढरे, ओठ निळसर. दोनदा तर न्यूमोनिया होऊन अॅडमिट झाली. डॉक्टर म्हणाले, अन्न छातीत जातंय.

भरवायचं काम माझ्या आईचं. माय पाय लांब करून बसायची, पायांच्या खोबणीत मैत्रीला उताणी निजवायची आणि वरून चमच्यानं पातळ पेज सोडायची. तिनं आम्हा चार भावंडांना तसंच वाढवलं होतं. तिला कोण सांगणार?

महिन्यातून एकदा नागपूरहून स्पीच थेरपीच्या एक बाई सेंटरला येत. आम्हाला वाटायचं त्या फक्त बोलायला शिकवतात. पण गिळणंही त्यांच्याच खात्यात येतं! त्यांनी सांगितलं, पोरीला सरळ बसवा, हनुवटी किंचित खाली, खाणं घट्ट, चमचा लहान आणि तोंडापाशी समोरून न्या.

त्या दिवशी माय सोबत आली होती. म्हणाली, "माये चार पोरं काय असेच मोठे झाले का?"

बाई शांत होत्या. "आजी, जरा या गादीवर उताण्या झोपा."

माय झोपली. बाईंनी तिच्या तोंडात वरून दोन चमचे पाणी सोडलं. माय अशी ठसकली की आतली सगळी पोरं रडायची थांबली! उठून बसली, पदरानं डोळे पुसले.

"मेली असती ना मी!"

"तुम्हाला उठून बसता आलं, आजी. तिला येत नाही."

घरी येईस्तोवर माय बसमध्ये खिडकीबाहेर पाहत राहिली. दुसऱ्या दिवसापासून मैत्री उशांच्या आधारानं सरळ बसून जेवू लागली. ठसका एकदम थांबला नाही, पण कमी होत गेला. त्या वर्षी अॅडमिट करायची वेळ आली नाही.

माय मात्र बदलून गेली. शेजारपाजारच्या सगळ्या बाळंतिणींवर तिची नजर! देवळीत एका लग्नात पंगतीत समोरच्या पाहुण्याला जिलेबीचा ठसका लागला, तर ही पंगत ओलांडून गेली आणि त्या अनोळखी माणसाची हनुवटी धरून म्हणाली, "मान खाली! लहान घास घ्या!"

तो नवरदेवाचा मामा होता.

*

मॅडम म्हणाल्या, मैत्रीला रोज थोडा वेळ उभं ठेवायला हवं. हाडं मजबूत होतात, खुब्याचा सांधा नीट घडतो. त्यासाठी लाकडी स्टँड लागतो, पोराला त्यात पट्ट्यांनी बांधून उभं करतात.

मी मोजमाप घेतलं आणि देवळीच्या सुताराकडून स्टँड करून घेतला. पट्टे मी स्वतः लावले. छातीला, कमरेला, गुडघ्यांना. ती पडेल या भीतीनं आमच्या सेफ्टी बेल्टसारखे दुहेरी हुक, वरून गाठी.

मंगळवारी टेम्पोत घालून सेंटरला नेला. मैत्रीला उभं केलं. वीस मिनिटांनी मॅडम तिला काढायला गेल्या, तर सुटेना! इकडचा हुक काढला की तिकडची गाठ. मॅडमचं नख तुटलं.

"मूनभाऊ," त्या म्हणाल्या, "पोरगी उभी आहे, खांबावर चढलेली नाही!"

सगळे हसले. फक्त वंदना हसली नाही. ती मैत्रीच्या शेजारी जाऊन उभी होती आणि हातानं मोजून पाहत होती. पोरीचं डोकं तिच्या कमरेच्या वर आलं होतं. तोपर्यंत आम्ही मैत्रीला फक्त आडवी पाहिली होती, नाहीतर कडेवर.

"अवो," वंदना म्हणाली, "हे एवढी उंच कधी झाली?"

*

सोहमचा किस्सा मात्र हिंगणीत अजून सांगतात.

सोहमला पायांचं सीपी. डोकं तल्लख, तोंड त्याहून. वॉकर धरून चालतो आणि पायात प्लास्टिकचे बूट घालतो. बूट म्हणजे पोटरीपासून तळव्यापर्यंतचा साचा, त्यानं टाच जमिनीला टेकलेली राहते. सोहम आठ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. एके दिवशी सकाळी ते बूट गायब!

रेखाताईंनी घर धुंडाळलं. सोहम ओसरीवर बसून म्हणाला, "वाघानं नेले."

आता दुसऱ्या गावात असं म्हटलं असतं तर पोराला दोन फटके बसले असते. पण हिंगणी म्हणजे बोरच्या जंगलाला लागून. आठवडाभरापूर्वीच कोणाचं तरी वासरू गेलं होतं. गाव जमा झालं. कोणीतरी फोन केला, वनरक्षक मोटरसायकलवर आला. अंगणात वाकून वाकून पंजाचे ठसे शोधले. बायकांनी पोरं घरात घेतली. रेखाताईंनी सोहमला कवटाळून धरलं, पोरगं अंगणातच तर बसलेलं असतं!

वनरक्षकानं सोहमला विचारलं, "तू पाह्यला का वाघ?"

"हो ना. इथंच उभा होता."

"तू इथं बसला होता, आणि त्यानं फक्त बूट नेले? तुले काई केलं नाई?"

"माये पाय पाह्यले त्यानं," सोहम म्हणाला. "आवडले नसन त्याले."

दुपारी सोयाबीनच्या पोत्यामागं बूट सापडले.

मंगळवारी रेखाताई त्याला ओढतच सेंटरला घेऊन आल्या. "मॅडम, यानं माही इज्जत घालवली गावात! वनखात्यालेही सोडलं नाई!"

मॅडम हसत हसत खाली बसल्या, सोहमचा मोजा काढला आणि हसायच्या थांबल्या. टाचेला फोड येऊन फुटला होता, घोट्याला लाल चट्टा. पोरगं वाढलं होतं, बूट लहान पडत होते.

"दुखत होतं तर सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं तं तुमी म्हणता, थोडं सहन कर."

मॅडम बराच वेळ त्याच्या टाचेवर मलम लावत राहिल्या. रेखाताई भिंतीकडं तोंड करून उभ्या. तेव्हापासून सेंटरमध्ये नियम झाला. पोरगं आलं की आधी बूट काढायचे, मोजे काढायचे, कातडी पाहायची. नमस्कार-चमत्कार नंतर.

नवे बूट बनवायला टाकले, तेव्हा बूटवाल्यानं विचारलं, वर चित्र कोणतं टाकू? फुलपाखरू आहे, मोटार आहे, चांदण्या आहेत.

"वाघाचे पट्टे टाका," सोहम म्हणाला. "मंग त्याले वाटन, हा आपल्यातलाच हाये."

*

अपंगत्वाचा दाखला काढायच्या शिबिरात आम्ही सकाळपासून रांगेत होतो. शाळा, सवलती, बसचा पास, सगळ्याला तो लागतो. मैत्री वंदनाच्या मांडीवर. आमचा नंबर आला, तेव्हा कॉम्प्युटरवाल्यानं सांगितलं, बोटांचे ठसे लागतील.

मैत्रीची मूठ कायम आवळलेली. त्यानं अंगठा ओढला. मूठ आणखी घट्ट. त्याचा साथीदार आला, दोघांनी मिळून ओढलं. मैत्रीचा सगळा हात दगडासारखा झाला, ती रडायला लागली. मागं रांगेत लोक च्‌ च्‌ करू लागले. मला मॅडमनी मूठ उघडायची पद्धत शंभरदा दाखवली होती, मी ती रोज घरी करायचो. पण तिथं उभा राहून मला काहीच आठवेना. मी नुसता "ओढू नका, ओढू नका" म्हणत होतो.

वंदनानं त्या दोघांचे हात बाजूला केले. मैत्रीचं मनगट हळूच खाली वाकवलं, थांबली. बोटं आपोआप सैल झाली. अंगठा काचेवर टेकला. बीप!

कॉम्प्युटरवाला पाहतच राहिला. मग त्यानं आमच्याकडं पाहून विचारलं, "हिला काही समजतं का?"

वंदना म्हणाली, "ओढल्यावर मूठ उघडत नाई, एवढं तं समजते तिले!"

*

गेल्या वर्षी मॅडमनी मैत्रीचा खुब्याचा एक्स-रे काढायला लावला. दरवर्षी काढतोच. या वेळी फोटो खिडकीला धरून त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहत राहिल्या. मांडीचं हाड खोबणीतून सरकत चाललं होतं. ऑपरेशनच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता केलं तर सांधा जागेवर राहील, बसणं टिकेल. उशीर केला तर हाड पूर्ण निसटेल आणि दुखत राहील.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. तीन आठवडे विचार केला. म्हणजे काहीच केलं नाही. डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं, मैत्री टेबलावर झोपलेली आणि उठतच नाही.

एका शुक्रवारी झाडे काका बेंचवर माझ्याजवळ सरकले. हे काका एरवी सतत गमती करणारे. परी त्यांच्या मांडीवर होती, दहा वर्षांची. तिला थोडंही हलवलं की तोंड वाकडं करायची.

"मून, मले बी असंच सांगतलं होतं डॉक्टरनं. पाच वर्षं झाले. मी भेलो. पोराले म्हटलं, नातीले कापू देत नाई मी." त्यांनी परीच्या पाठीवरून हात फिरवला. "आता तिचा खुबा दुखते. कूस बदलली का रडते. मी रोज ऐकतो."

काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"भेव जाईन मंग सही करीन, असं म्हणशीन तं ते जात नाई. भिऊनच कर. पण कर."

ऑपरेशनच्या दिवशी नर्सनं फॉर्म पुढं केला. आम्हा लाइनमनचं एक असतं. लाइनवर चढण्याआधी ती बंद करून परमिटवर सही करावी लागते, तेव्हाच कामाला हात लावायचा. ते अंगात मुरलेलं. मी सही केली आणि फॉर्म परत दिला. नर्सनं वाचला, पुन्हा वाचला आणि आत डॉक्टरांकडं घेऊन गेली.

डॉक्टर टोपी-मास्कसकट बाहेर आले.

"मून तुम्हीच का?"

मी उठून उभा राहिलो. "हो साहेब."

"तुम्ही सहीखाली लिहिलंय, 'लाइन बंद आहे, काम सुरू करावे.'" त्यांनी मास्क खाली केला. ते हसत होते. "चालू कधी करायची ते पण सांगून ठेवा!"

साडेतीन तास लागले. त्या साडेतीन तासांत वंदनानं माझा हात सोडला नाही, आणि झाडे काका समुद्रपूरहून पहिल्या एसटीनं येऊन कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होते. मैत्री डोळे उघडून पाहायला लागली तेव्हा तेच आधी रडले.

*

ऑपरेशननंतर सहा आठवडे कमरेपासून खाली प्लास्टर. ते निघालं, हळूहळू व्यायाम पुन्हा सुरू झाले. आता नवीन काळजी. तिला दुखलं तर आम्हाला कळणार कसं? मैत्रीला बोलता येत नाही. हातानं दाखवायला गेली तर हात भलतीकडंच जातो.

नागपूरच्या स्पीचवाल्या बाईंनी दोन कार्डं दिली. हिरव्यावर 'हो', लालवर 'नाही'. एक डावीकडं धरायचं, एक उजवीकडं, आणि प्रश्न विचारायचा. तिनं फक्त डोळ्यांनी पाहायचं. बाई म्हणाल्या, धीर धरा. आम्ही रोज कार्डं धरली. मैत्री पंख्याकडं पाहायची, पालीकडं पाहायची, माझ्या मिशीकडं पाहायची. कार्ड सोडून सगळीकडं! दीड महिना झाला.

एका शुक्रवारी सकाळी सेंटरला निघायची तयारी चालली होती. वंदना तिला फ्रॉक घालताना सवयीनं म्हणाली, "दुखते का गं बेटा?" आणि कार्डं धरली.

मैत्रीचे डोळे 'हो'वर गेले आणि तिथंच थांबले.

वंदनानं कार्डांच्या जागा बदलल्या. पुन्हा विचारलं. डोळे फिरले, पुन्हा 'हो'!

तिनं मला हाक मारली ती अशी की मी चहाचा कप तिथंच सोडला. एवढ्या वर्षांत पोरगी पहिल्यांदा काही सांगत होती, आणि काय सांगत होती, तर दुखतंय! शेजाऱ्याची गाडी काढली. देवळी ते वर्धा रस्ताभर मी मनात एकेक शंका मोजत होतो. ऑपरेशनमध्ये हाडाला बसवलेली प्लेट सरकली असेल? पू झाला असेल? वंदना मागं बसून सारखी कार्डं धरत होती. "अजून दुखते?" 'हो'. "लय दुखते?" 'हो'.

ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी लगेच एक्स-रे काढला. प्लेट जागेवर. ताप नाही, सूज नाही. पाय हलवून पाहिले.

"इथं दुखतं?" 'हो'.

"इथं?" 'हो'.

"इथं?" 'हो'.

डॉक्टर चक्रावले. म्हणाले, फोटोत तर काहीच नाही. तुम्ही आधी कीर्ती मॅडमना दाखवा, त्या नेहमी हाताळतात. त्यांनाही शंका आली तर अॅडमिट करून घेऊ.

सेंटरला पोचलो. बेंचवर सगळे उठून उभे राहिले. मॅडमनी मैत्रीला गादीवर घेऊन सगळं तपासलं, कपाळावर आठ्या. रेखाताई पाणी घेऊन आल्या. सोहम वॉकर टेकवत आत आला. आता बारा वर्षांचा आहे तो. थोडा वेळ मैत्रीच्या तोंडाकडं पाहत राहिला.

"काकू, ते कार्डं द्या बरं इकडं."

तो गादीवर तिच्यासमोर बसला.

"मैत्री, गुडघा दुखते?" 'हो'.

"कान दुखते?" 'हो'.

"केस दुखते?" 'हो'.

"तुया बाबाची गाडी दुखते?"

मैत्रीनं एक क्षण सोहमकडं पाहिलं. मग 'हो'.

मॅडमनी तिचा पाय हातातून खाली ठेवला.

सोहमनं आवाज खाली आणला. "आज व्यायाम करा लागते म्हणून दुखते का?"

डोळे फटकन 'नाही'वर!

"बरं," सोहम म्हणाला. "आज व्यायाम कॅन्सल. आपण सगळे आइस्क्रीम खाले जाऊ. पण ज्याले दुखते त्याले आइस्क्रीम देत नाईत. मैत्री, दुखते का तुले?"

मैत्री लाल कार्डाकडं पाहत राहिली. पापणीही हलली नाही तिची.

पहिल्यांदा झाडे काका हसले. मग रेखाताई. मॅडम हसता हसता डोळे पुसायला लागल्या आणि म्हणाल्या, "चला, आता व्यायाम!" तेव्हा मैत्रीनं जो काही ओरडा केला तो रस्त्यापर्यंत गेला असेल.

वंदना हसतही नव्हती, रडतही नव्हती. तिनं ती दोन कार्डं पर्समध्ये अशी जपून ठेवली जसं काही सोनं आहे.

घरी जाताना देवळीच्या चौकात तिनं गाडी थांबवायला लावली आणि मिठाईच्या दुकानात शिरली. पेढे मोजून देता देता दुकानदारानं गाडीत बसलेल्या मैत्रीकडं पाहिलं.

"काय वहिनी, पास झाली का पोरगी?"

"नाई," वंदना म्हणाली. "खोटं बोलली!"